बोट लागणं: दुखणं कानाचं, उपाय वेळेचा

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरच्या बाजूला, इंदिरा गोदीत, नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. क्रूझ म्हणजे परदेशातल्या श्रीमंतांची चैन, हा समज त्याआधीच मोडीत निघाला होता. मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप अशा दोन-चार रात्रींच्या सफरींना आता सोसायटीतले शेजारी जातात, भिशीचे ग्रुप जातात, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला जोडपी जातात. बुकिंग करताना चौकशी होते ती जैन जेवण मिळेल का, वायफाय चालतं का, लहान मुलांचं तिकीट किती याची. बोट लागली तर काय, हा प्रश्न बहुतेकांना पडतो तो किनारा दिसेनासा झाल्यावर.

घोळ नेमका तिथेच होतो. या त्रासावर चांगले उपाय आहेत, स्वस्तही आहेत, पण त्यातले बहुतेक त्रास सुरू व्हायच्या आधी करायचे असतात. मळमळ सुरू झाली की त्यांची निम्मी ताकद गेलेली असते. असं का, हे कळायला आधी पोट विसरून कानाकडे वळावं लागेल.

## ओकारी पोटातून, पण तक्रार कानाची

आपल्या आतल्या कानात, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारी एक छोटी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांत द्रव. मान फिरली की हा द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं, डोकं कुठे वळलं. नलिकांच्या मुळाशी दोन सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बारीक कण असतात. वर-खाली किंवा पुढे-मागे गती मिळाली की हे कण सरकतात. लिफ्ट सुटताना डोळे मिटलेले असले तरी आपण वर चाललोय की खाली हे कळतं, ते यांच्यामुळे.

आता जहाजाच्या केबिनमध्ये या. पलंग, टेबल, भिंत, सगळं जागच्या जागी. डोळे मेंदूला सांगतात, आपण एका खोलीत निवांत बसलोय. कान सांगतो, आपण वर चाललोय, आता खाली, आता पुन्हा वर. खोलीत कानाच्या बाजूने एकच साक्षीदार असतो: दारामागच्या खुंटीवरचा टॉवेल. तो दारापासून हळूच सुटतो, क्षणभर अधांतरी लोंबतो आणि परत दाराला टेकतो. दोन खबरी जुळत नाहीत, आणि त्यातली कुठलीच मेंदूच्या जुन्या अनुभवाशी जुळत नाही. या न जुळण्याला शास्त्रज्ञ संवेदनांची विसंगती म्हणतात. बोट लागते ती यातून. गाडी लागणं आणि विमानात मळमळणं यांचं मूळही हेच.

मेंदूचा पुढचा अंदाज किती महत्त्वाचा आहे, हे आपल्या घाटांत रोज दिसतं. एसटीत मागच्या बाकावरचा प्रवासी प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरून बसलेला असतो आणि ड्रायव्हर ठणठणीत. वळणं दोघांना तीच, पण पुढचं वळण कधी आणि किती येणार हे ड्रायव्हरच्या मेंदूला आधीच माहीत असतं.

कानाच्या या भूमिकेचा पुरावा मोठा गमतीशीर आहे. १९५८ पासून पुढे सुमारे दशकभर अमेरिकन नौदल आणि नासा यांनी वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजातल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग केले. त्यांतल्या दहा जणांना लहानपणी मेंदूज्वर होऊन ऐकू येणं बंद झालं होतं आणि त्याबरोबर आतल्या कानातली तोलाची यंत्रणाही निकामी झाली होती. एकदा त्यांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यालगत खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. ही मंडळी आरामात पत्ते खेळत बसली. प्रयोग गुंडाळावा लागला तो निरीक्षण करायला आलेल्या संशोधकांना बोट लागली म्हणून!

मग उलटीच का व्हावी? गोंधळाच्या खबरी आल्या तर चक्कर यावी, पोटाचा काय संबंध? यावर पक्कं उत्तर नाही, पण १९७७ मध्ये मांडला गेलेला एक तर्क बऱ्याच जणांना पटतो. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो तो मुख्यतः काहीतरी विषारी खाल्ल्यावर. त्यामुळे असा गोंधळ दिसला की मेंदू विषबाधा समजून पोट रिकामं करायला सांगतो. बिचाऱ्या उत्क्रांतीला क्रूझचं काय माहीत.

## "एवढ्या मोठ्या जहाजावर काही कळतच नाही म्हणे"

मोठं जहाज कमी हलतं हे खरं. शिवाय आधुनिक क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. जहाज एका कुशीवर कलू लागलं की हे पंख आपला कोन बदलतात आणि कलणं बरंच आवरतात.

पण पंख आवरतात ते डाव्या-उजव्या कुशीवर कलणं. पुढचं टोक, म्हणजे नाळ, वर-खाली होणं किंवा अख्खं जहाज लाटेबरोबर उचललं जाऊन खाली येणं, यावर त्यांचा फारसा इलाज नाही. आणि माणसाला सर्वात जास्त लागते ती ही वर-खाली हालचाल. तीसुद्धा विशिष्ट लयीची: साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा. चालताना, धावताना किंवा घोड्यावर बसल्यावर आपण यापेक्षा कितीतरी जोरात वर-खाली होतो, पण ते धक्के सेकंदाला एक-दोन असतात आणि मेंदूच्या सवयीचे असतात. समुद्राचा संथ झोका त्या सवयीत बसत नाही. म्हणून फेसाळ, खळाळत्या समुद्रापेक्षा वरून शांत वाटणारा, पण आतून लांब लाटांनी हळूहळू उचलणारा समुद्र कधीकधी जास्त छळतो.

छोट्या बोटींबद्दलही एक सांगण्यासारखं. मालवण-तारकर्लीला स्कूबाला गेलेल्यांना त्रास होतो तो बहुतेक वेळा बोट चालू असताना नाही, तर नांगर टाकून उभी असताना. इंजिन बंद, वारा पडलेला, डिझेलचा वास, आणि आपण मान खाली घालून मास्कचा पट्टा ओढतोय. त्रास व्हायला आणखी काय हवं? नंबर लागेपर्यंत मान वर ठेवून किनाऱ्याकडे पाहत बसणं, हा तिथला सर्वात सोपा उपाय.

## महाग केबिन म्हणजे चांगली केबिन नव्हे

मधोमध टेकवलेल्या सी-सॉवर टोकाची मुलं हातभर वर-खाली होतात आणि मध्ये उभं राहिलेलं पोर जवळपास जागेवरच असतं. जहाजाचंही तेच. लांबीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर हालचाल सर्वात कमी. नाळेकडची आणि वरच्या मजल्यावरची केबिन सर्वात जास्त झुलते, आणि किंमत बघाल तर बाल्कनीवाल्या महागड्या केबिन बहुतेक वरच. ज्याला बोट लागायची भीती आहे त्याने खालच्या डेकवरची, मधली, साधी केबिन घ्यावी आणि वाचलेले पैसे खिशात ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे खिडकी नसेल तर हरकत नाही. केबिन झोपायला. डोळे मिटून पाठीवर आडवं झालं की विसंगती आपोआप कमी होते. जागेपणी मात्र वर, मोकळ्या डेकवर यायचं.

डेकवर येऊन पाहायचं कुठे, तर क्षितिजाकडे. जवळच्या लाटांकडे नाही, कठड्यावरून खाली तर नाहीच. क्षितिज ही समुद्रावरची एकमेव स्थिर रेघ. ती दिसली की डोळ्यांनाही कळतं, आपण हलतोय, आणि कानाशी त्यांचा मेळ बसतो. सर्वात वाईट जागा म्हणजे बंद खोली आणि हातात मोबाइल. बऱ्याच जहाजांवर नाटकं-गाणी होतात ते सभागृह नाळेकडे असतं. समुद्र उसळलेला असेल तर मागच्या दाराजवळची खुर्ची पकडा.

तारीख निवडतानाही थोडा विचार करता येतो. जुन्या कोकणबोटी पावसाळ्यात बंद असत आणि गेटवे-मांडव्याच्या प्रवासी लाँच आजही पावसाळ्यात बंद ठेवतात, ते उगाच नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत अरबी समुद्र तुलनेने शांत असतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते, त्यात लाटांची उंची मीटरमध्ये असते. सव्वा ते अडीच मीटरपर्यंत समुद्र मध्यम, अडीच ते चार म्हणजे खवळलेला. निघायच्या आदल्या दिवशी तो आकडा पाहिला तर गोळी घ्यायची की नाही हे ठरवणं सोपं जातं.

## गोळी कोणती, आणि मुख्य म्हणजे कधी

आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं नाव म्हणजे ॲव्होमिन. त्यातलं औषध प्रोमेथाझिन. ही मूळची ॲलर्जीवरच्या औषधांच्या घराण्यातली गोळी, पण मेंदूत शिरते आणि कानाकडून उलटीच्या केंद्राकडे जाणारे संदेश मंदावते. डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, सिनारिझिन ही तिचीच भावंडं. दुसरं घराणं स्कोपोलामाइनचं. त्याचा छोटा पट्टा कानामागे चिकटवतात, प्रवासाच्या किमान चार तास आधी, आणि तो तीन दिवस चालतो. परदेशी क्रूझवर जाणाऱ्या मराठी मंडळींना तिकडचे डॉक्टर तो लिहून देतात. पट्टा लावल्यावर हात धुवायचे. न धुतलेला हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं आणि माणूस घाबरून जातो.

आता वेळेबद्दल, कारण चूक होते ती इथे. मळमळ सुरू झाली की पोटाची हालचाल मंदावते. गोळी गिळली तरी ती पोटातच पडून राहते, आतड्यात पोचत नाही, रक्तात उतरत नाही. वर उलटी झाली तर गोळीही गेली. म्हणून प्रोमेथाझिन आदल्या रात्री झोपताना किंवा निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायचं. आदल्या रात्री घेण्याचा फायदा हा की गुंगीचा मोठा भाग झोपेतच निघून जातो. जहाज सुटल्यावर "बघू, लागली तर घेऊ" म्हणणारे बहुतेक वेळा घेतातच, पण उपयोग होत नाही आणि मग गोळीला नावं ठेवतात.

दुसरी चूक चुकीच्या गोळीची. तापात किंवा बाहेरचं खाऊन उलट्या झाल्या की डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन देतात. पाकीट घरात उरलेलं असतं, तेच बॅगेत पडतं. पण उलट्यांचे रस्ते वेगवेगळे असतात. ऑन्डान्सेट्रॉन ज्या रस्त्यावर नाकाबंदी करतं, तो बोट लागण्याचा रस्ताच नाही. डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही. तीच गत सेटिरिझिनसारख्या झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांची. झोप येत नाही याचाच अर्थ मेंदूपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही, मग बोटीवर त्याचा काय उपयोग?

"पण पैसे मोजून क्रूझवर जायचं आणि झोपून राहायचं?" ही तक्रार रास्त आहे. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. मेक्लिझिनने गुंगी तुलनेने कमी येते. काही जण घरीच, सुटीच्या दिवशी, एक गोळी घेऊन आपल्याला किती झोप येते ते पाहून ठेवतात. हा शहाणपणा आहे. गोळी घेतलेल्या दिवशी दारू मात्र वर्ज्य. दोन्ही मेंदूला मंद करतात आणि एकत्र घेतल्यास धोका वाढतो. परतल्यावर गोळीच्या अमलाखाली गाडीही चालवू नका.

काही जणांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतलं काहीच घेऊ नये: काचबिंदू असलेले, प्रोस्टेट वाढलेले, गरोदर बायका, आधीच झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेणारे. पार्किन्सन असेल तर सिनारिझिन टाळायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन कधीही नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. एवढ्या लहान मुलांना तशी बोट क्वचितच लागते. सर्वात जास्त लागते ती साधारण प्राथमिक शाळेच्या वयात. पन्नाशीनंतर त्रास सहसा ओसरतो. अर्धशिशी असलेल्यांना तो जास्त होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

## आलं, लिंबू आणि मनगटाचा पट्टा

आलेपाकाची वडी जवळ ठेवा, नुकसान काही नाही. आल्यावर अभ्यास झालेत, पण निकाल उलटसुलट आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत साखरेच्या गोळीइतकाच. गोळीला पर्याय म्हणून नको, सोबत म्हणून चालेल. लिंबू हुंगण्याने निदान डिझेलचा आणि तळणाचा वास झाकला जातो, आणि नकोसे वास मळमळ वाढवतात हे खरंच आहे. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा मात्र कच्चा आहे.

रिकाम्या पोटी निघावं म्हणजे उलटीला काही उरतच नाही, हा हिशोब चुकीचा. रिकाम्या पोटी कोरडे उमासे येतात आणि ते जास्त वाईट. थोडं, कोरडं, कमी तेलाचं खावं: खाकरा, मारी बिस्कीट, सफरचंद. समुद्र उसळला की बऱ्याच क्रूझवर स्वयंपाकघरातून हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं बाहेर येतात. रात्रीच्या बुफेत मटण-बिर्याणीचा दुसरा घाणा मात्र पहिल्या दिवशी नको.

## "मनाचे खेळ आहेत सगळे"

असं म्हणणारा काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला सांगा, तोलाची यंत्रणा शाबूत असलेल्या जवळपास कोणालाही पुरेशा हेलकाव्यांनी बोट लागू शकते. ॲडमिरल नेल्सनला लागायची. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ 'बीगल'वर होता आणि प्रवास संपेपर्यंत त्याची यातून सुटका झाली नाही. निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिल्या काही दिवसांत असाच त्रास होतो. ही माणसं लेचीपेची नव्हेत.

पण काकांच्या म्हणण्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायली नौदलाच्या काही कॅडेटना मुद्दाम सांगितलं गेलं की, तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे, आणि लागली तरी तुमचं काम बिघडणार नाही. त्यांना इतरांपेक्षा कमी त्रास झाला. म्हणजे मूळ कानातच, पण भीती आगीत तेल ओतते. एकाला ओकताना पाहून शेजारच्याला उमासा येतो, तसंच काहीसं. तेव्हा लहान मुलांसमोर "तुला हमखास लागणार बघ" हे पालुपद नको.

सवयीने मात्र त्रास नक्की कमी होतो. दोन-तीन दिवसांत मेंदू नवी लय शिकतो आणि खलाशी मग हलत्या डेकवर सरळ चालतात. आपल्या मुंबई-गोव्याच्या छोट्या सफरीची अडचण हीच आहे. मेंदूचा अभ्यास पुरा होतो तेव्हा परतीचं बंदर आलेलं असतं. दहा दिवसांच्या सफरीपेक्षा दोन रात्रींच्या सफरीला गोळी जास्त कामाची, ती यामुळे.

## तरीही लागलीच तर

पहिली चाहूल उलटीची नसते. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो, गप्पांत लक्ष लागत नाही. या पायरीवरच उठायचं. मोकळी हवा, जहाजाचा मध्य, क्षितिजावर नजर, डोकं कशाला तरी टेकवून स्थिर, आणि हळू, मोजून श्वास. जमत नसेल तर केबिनमध्ये पाठीवर आडवं होऊन डोळे मिटायचे. वाचन, फोन, खाली वाकून बॅग आवरणं, सगळं बंद.

जिन्याच्या कठड्यांवर कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या किंवा पोहण्याच्या तलावावर जाळी पडली, तर समजा पुढे समुद्र खवळलेला आहे. कर्मचारी हे आधीच करून ठेवतात. गोळी राहून गेली असेल तर ती घ्यायची शेवटची वेळ हीच.

उलट्या थांबेचनात तर जहाजाच्या दवाखान्यात जायला संकोच करू नका. तिथे प्रोमेथाझिनचं इंजेक्शन मिळू शकतं आणि त्याला पोटाचा अडथळा नसतो. बहुतेक जहाजांवर त्याचं बिल वेगळं लागतं, हे धरून चला. तोवर ओआरएस घोट-घोट. इन्शुलिन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत वाट पाहायचीच नाही. आणि उलटीबरोबर ताप, जुलाब असतील तर ती बोट लागणं नव्हे. जहाजांवर नोरोव्हायरसची साथ झपाट्याने पसरते. अशा वेळी बुफेत न जाता केबिनमधूनच डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखत असेल किंवा हात-पाय बधिर होत असतील तरी तेच.

## घरी आल्यावर न्हाणीघर हलतं

आंघोळीला डोळे मिटले की जमीन डुलते, पलंगावर आडवं झालं की पुन्हा केबिनमध्ये असल्यासारखं वाटतं. मेंदूने जहाजाची लय शिकून घेतलेली असते, ती विसरायला त्याला थोडा वेळ लागतो. बहुतेकांचं दोन दिवसांत थांबतं आणि औषध लागत नाही. तोवर शिडीवर चढून माळा साफ करायचं काम तेवढं पुढे ढकला. क्वचित कोणाचं, विशेषतः मध्यमवयीन बायकांचं, हे डुलणं आठवडेच्या आठवडे टिकतं, आणि गंमत म्हणजे गाडीत बसलं की बरं वाटतं, उतरलं की पुन्हा सुरू. महिनाभरात गेलं नाही तर कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा, आणि सुरुवात बोटीच्या प्रवासानंतर झाली हे पहिल्याच वाक्यात सांगा.